चूक पानाची

वैशाली गेल्याचं साताऱ्याच्या ऑफिसला मीच फोन करून कळवलं, मिरजेच्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभी राहून. पलीकडे तिच्या साहेबांनी मोठा उसासा सोडला. मला वाटलं, माणसाला धक्का बसला. मग म्हणाले, "अरेरे... फार वाईट झालं. बरं काकू, तिच्या लॅपटॉपमध्ये आमचं काही राहिलंय का, बघाल?" मी फोन बंद केला. रडू नंतर आलं, आधी संताप आला. आज इतके आठवडे झाले, तरी तो हटायला तयार नाही.

वैशाली माझी धाकटी जाऊ. माहेर कोरेगावकडचं, बोलणं तसंच रोखठोक. सांगलीच्या आमच्या घरी बसून ती साताऱ्याच्या एका लहानशा कंपनीचं काम करायची. साखर कारखान्यात ऊस वजन करायच्या काट्यावरच्या संगणकातून हिशेबाच्या संगणकात माहिती कशी जाते, हे चौकोन आणि बाण काढून दाखवतात; त्याला ती मंडळी आर्किटेक्चरचा आराखडा म्हणतात. अशा आराखड्यात नवा चौकोन घालून बाण जोडून देणारं सॉफ्टवेअर त्या कंपनीनं बनवलं होतं. ते वापरायचं कसं, याचं पुस्तक सोप्या मराठीत लिहायचं काम वैशालीचं. तिची एक रीत होती. पान लिहून झालं की मला स्वयंपाकघरातून ओढून आणायची, खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत बसवायची आणि स्वतः हात पाठीमागे बांधून शेजारी उभी राहायची. मी पान वाचायचं आणि लिहिलंय तेवढंच करायचं. मी अडले तरी ती तोंडातून शब्द काढायची नाही. मी ओशाळून म्हणायचे, "माझंच डोकं चालत नाही गं." त्यावर तिचं ठरलेलं, "आवं अक्का, तुमी अडलात न्हवं? मग चूक पानाची हाय, तुमची न्हाई."

एकदा कारखान्याच्या मोठ्या चौकोनात मी काट्याचा छोटा चौकोन घातला. दिसायला अगदी आत बसला. पण मोठा सरकवला तर छोटा जागच्या जागी उभा आणि त्याचे बाण लोंबकळतायत! मी म्हटलं, "हे सुनांसारखंच झालं की, दिसायला तेवढं घरात." वैशाली पोट धरून हसली. मग मला उठवून स्वतः खुर्चीत बसली, त्या पायरीच्या आधी एकच ओळ घातली आणि मला परत बसवलं. या वेळी छोटा चौकोन मोठ्याच्या मागून निमूट गेला. ती ओळ मला पाठ आहे. इथे लिहीत नाही, कारण हा पेपर साताऱ्यालाही जातो.

आजार कळला तेव्हा निम्मं पुस्तक व्हायचं होतं. मिरजेच्या फेऱ्या, उलट्या, अशक्तपणा... त्यातूनही तिनं ते पुरं केलं. साहेबांकडे मागितलं एवढंच, की पहिल्या पानावर तिचं नाव घालावं. मी चिडवलं, तर म्हणाली, "माजं नाव एकदाच छापून आलंय अक्का, लग्नपत्रिकेत. आन् लग्नातच ते बदललं." साहेब हो म्हणाले होते. मी समोर होते.

पुढे तिला दवाखान्यातच ठेवलं, तेव्हा एका दुपारी तिनं फोनवर कंपनीचं नवं पुस्तक उघडलं. तिची पानं गेली होती. हल्ली मशीन दोन मिनिटांत लिहून देतं, तसं गुळगुळीत लिहून घेतलेलं होतं, आणि पहिल्या पानावर साहेबांचं नाव. तिनं ते पुन्हापुन्हा खालीवर केलं. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "चौकोनाची वळ काढून टाकलीय वो ह्यांनी... लोकं अडत्याली की." नावाबद्दल बोललीच नाही. फोन उशाखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या पाठमोऱ्या बाईला मी मनात शब्द दिला, तुझं नाव त्या पानावर आणीनच.

तेराव्यानंतर साहेब भेटायला आले. "आमच्या कुटुंबातलीच होती," म्हणाले. चहा झाला, उसासे झाले आणि पिशवीतून त्यांचा लॅपटॉप निघाला. गिऱ्हाइकं तक्रारी करतायत, आतला चौकोन बरोबर हलत नाही, तिची जुनी पानं पुसून टाकली गेली... "तुम्ही तिच्याजवळ बसायचात ना, काकू?" मी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. शेजारी उभी राहिले, हात पाठीमागे बांधून. ते स्वतःच्या नावाचं पुस्तक वाचून चौकोन घालत होते, सरकवत होते, पुसत होते. कपाळावर घाम आला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. शेवटी म्हणाले, "माझं काय चुकतंय हो?"

"तुमचं काही नाही," मी म्हटलं. "चूक पानाची आहे."

मान खाली घालून गेले. वैशाली असती तर तिनं त्याच संध्याकाळी ती ओळ पाठवून दिली असती, वर तब्येत विचारली असती. मी तेवढी चांगली नाही, आणि मला व्हायचंही नाही. या लेखात साहेबांचं नाव मी घातलं होतं. संपादकांनी काढायला लावलं. असू दे, नाव निघालं की कसं वाटतं ते त्यांनाही कळू दे. मात्र साहेब, ती ओळ हवी असेल, तर पहिल्या पानावर वैशालीचं नाव छापून आणा. खुर्ची खिडकीजवळच आहे. तोवर कितीही वेळा येऊन बसा, मी हात पाठीमागे बांधून उभी आहे.