एस्टोनियाच्या गायकाचा खोकला

"खोकला कुठे गेला?" पुण्याच्या मॅडम फोनवर ओरडल्या. मला ऑनलाइन कामं त्याच देतात.

नंदुरबारला माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. काम होतं एस्टोनियाच्या एका दिवंगत रॉक गायकाच्या शेवटच्या कॅसेटचं. देशावर परकी सत्ता असताना हा माणूस आपल्या भाषेत गायला, आणि आजही तिकडची शाळकरी मुलं त्याची गाणी म्हणतात. ही कॅसेट त्याने स्वयंपाकघरात बसून भरली होती, आणि त्याच्या मुलीने ती मॅडमकडे पाठवली होती. मागची घरघर तेवढी काढायची, बस्स.

मी ते काम हिरालालभाऊंकडे दिलं. माझे ऑपरेटर. वीस वर्षं लग्नाच्या बँडची गाणी रेकॉर्ड केलेला माणूस. आमच्याकडे गायकाला एको, म्हणजे घुमारा, दिला नाही तर त्याला अपमान वाटतो. भाऊंनी एको दणकून दिला. सुरुवातीचा खोकला आणि पुटपुट कापली. वर कापलेलं गाणं मूळ फाइलवरच सेव्ह केलं. हे मला मॅडमचा फोन चालू असतानाच कळलं.

"इतला मोठा गायक शे. त्याना खोकला कसाले ठेवाना?" भाऊंनी त्यांच्या अहिराणीत मलाच विचारलं.

मॅडमना म्हटलं, "एको वेगळ्या थरात आहे, तो काढतो. कापलेलं मात्र परत येत नाही. कॅसेट पुन्हा उतरवा."

"ती माझ्या मशीनमध्ये गुंतून तुटली. माझी कॉपी मी पुसली. त्या पुटपुटीत त्याने मुलीला हाक मारलीय हो! तिला तेवढंच हवंय. काय सांगू तिला?"

कुणाच्या तरी बापाची शेवटची हाक आम्ही साफसफाईत उडवली होती.

भाऊंवर भडकलो. ते शांतपणे चहा पीत होते.

"मी फेकस नही. कचरामा शे."

"कशात?"

त्यांनी कॉम्प्युटरवर 'कचरा' नावाचं फोल्डर उघडलं. विसरवाडीचा एक गायक कापलेल्या ओळीवरून त्यांच्याशी भांडला होता. तेव्हापासून कापलेला प्रत्येक तुकडा ते जपून ठेवत. त्यात खोकला होता, पुटपुटही होती.

"मग मघाशी का नाही बोललात?"

"तुम्ही इचारं कव्हय?"

तुकडा जागेवर बसवला, एको काढला, फाइल पाठवली. दोन दिवसांनी मुलीचा मेल आला. तिने खूप आभार मानले होते आणि वडील काय म्हणाले तेही कळवलं होतं. तिचं नाव घेऊन ते म्हणाले होते, "दार लाव, गारठा येतोय."

मी भाऊंना वाचून दाखवलं. त्यांनी तो तुकडा पुन्हा एकदा लावून ऐकला.

काय कापायचं हे आता मी आधी विचारतो. आणि 'कचरा' फोल्डरच्या दोन कॉपी ठेवतो.