गाडीतला पंचम

राळेगावच्या रस्त्यावर गाडीच्या टेपमध्ये गाणं चालू आहे की बातम्या, हे मला कळायचं नाही. गाडी जुनी, चाकांचा घरघराट जास्त. म्हणून मी यवतमाळात एका चाचांकडून सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला. चाचा आमच्या भागातले जुने ऑटो इलेक्ट्रिशियन. काम नीट झालं, आवाज भरपूर वाढला. त्यासोबत एक शिट्टीही आली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढायची, पाय काढला की उतरायची. गाणं बंद केलं तरी ती चालूच.

मी गाडी परत नेली. चाचांनी स्पीकरला कान लावला.

"काही आवाज येऊन नाही राह्यला, सर."

त्यांच्या दुकानाला लागून पिठाची गिरणी आहे आणि समोर पत्रे ठोकायचं काम चालतं. तिथे मलाही काही ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, कळंबच्या रस्त्याला चला, तिथे शांतता आहे. नाहीतरी बायकोला माहेरी कळंबला सोडायचंच होतं. चाचांनी पाने-पकडीची पिशवी घेतली आणि पुढे बसले. बायको मागे बसली. ती घरी गाण्याचे क्लास घेते. शिट्टीबद्दल तिला मी काही सांगितलेलं नव्हतं. गाव मागे पडताच ती म्हणाली,

"हे काय वाजून राह्यलं?"

"तुले ऐकू येते?"

"येते म्हणजे? बेसूर आहे. पंचमाच्या खाली अडकून राह्यलं. थोडी जोरात चालवा."

मी जोरात चालवली. "आता लागला," ती म्हणाली. चाचांनी वळून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, त्यांना माझी कीव आली असावी.

एका कडुलिंबाखाली गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. चाचा म्हणाले, "सर, तुमी रेस द्या. बाई, तुमी ऐका." आधी त्यांनी पायपुसणं उचललं. बॅटरीची जाड तार आणि टेपकडून येणारी गाण्याची बारीक तार एकाच बाजूने नेलेल्या होत्या. त्यांनी बारीक तार दुसऱ्या बाजूने ओढली.

"कमी झालं," बायको म्हणाली. "पण सूर तोच आहे."

मग त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरमधून ती बारीक तार काढली. शिट्टी थांबली. परत लावली, परत सुरू.

"डब्बा खराब नाही," चाचा म्हणाले. "अर्थिंगचा लफडा आहे." त्यांनी सीटखाली हात घालून अर्थिंगच्या काळ्या तारेचा बोल्ट खोलला आणि बराच वेळ त्याखालच्या जागेकडे पाहत राहिले. तिथे रंग होता. छान, चकचकीत, कंपनीचा रंग. तार पत्र्याला टेकलीच नव्हती, रंगावर बसली होती.

"हे कोणी लावलं?" बायकोने विचारलं.

"मीच लावलं, बाई."

चाचांनी पॉलिश पेपरने रंग घासून पत्रा उघडा केला, तार आवळली आणि मला मान हलवून खूण केली. मी रेस दिली. बायको डोळे मिटून बसली होती. मी अजून रेस दिली. शेजारच्या शेतात कपाशी वेचणाऱ्या बाया उभ्या राहून आमच्याकडे पाहू लागल्या. उभी गाडी गुरगुरते आहे, आत तिघं जण गप्प बसले आहेत.

"गेलं," बायको म्हणाली.

"पक्कं?"

"पक्कं."

चाचांनी हात पुसले. मला इतकं हलकं वाटलं, की पुढे कळंबपर्यंत मी टेप लावलाच नाही. तिघंही शिट्टी कशी येत नाही, ते ऐकत गेलो. चाचा मध्येच एकदा म्हणाले, "मस्त." आम्ही दोघांनी मान डोलावली.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवल्याचं लेकीने फोनवर सांगितलं होतं. त्यांनी वाकून सीटखाली पाहिलं, मग चाचांना नमस्कार केला आणि मला विचारलं, "एवढा मोठा डब्बा बसवला, जावईबापू, अन् आवाज काहून नाही येत?"