पश्चिमेच्या भिंतीवरचा सूर्य

माझ्या चुलत सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात दिलं नाही. जे काही अपवाद घडले ते सगळे माझ्या वाट्याला आले, आणि का आले ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे. लग्न होऊन वेंगुर्ल्याच्या घरात आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी अजाणपणे चहाचं विचारलं, "काकानू, च्या हाडू?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "हाड गो. पण त्येची वाफ खंय जाता, ठावक आसा तुका?" मला ठाऊक नव्हतं. मग वाफ ढगात कशी शिरते, ढग आंबोलीच्या घाटाला कसा अडतो, हे सगळं होईपर्यंत चुलीवरचं पाणी आटून पातेल्याचं बूड करपलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "त्येंका इचारू नये गो, नुसतो कप नेऊन ठेवचो!"

काका शाळेत विज्ञान शिकवत, पण शाळा त्यांना पुरत नसे. बाजारात बांगडे घ्यायला गेले की हातातल्या बांगड्याचा कल्ला उघडून तो पाण्यात श्वास कसा घेतो ते भोवतीच्या गिऱ्हाइकांना दाखवीत, आणि शेवटी बांगडा परत पाटीत ठेवून, पिशवी रिकामीच घेऊन, तृप्त होऊन घरी येत. एकदा त्यांनी बाजारातल्या देवळाच्या पायरीवर मोठा फणस ठेवला आणि म्हणाले, हा सूर्य. तिथून पन्नास-साठ पावलं मोजत गेले आणि मासे विकणाऱ्या बाईच्या तळहातावर मिरीचा एक दाणा ठेवला. "ही आपली पृथ्वी. हलू नको गो, तुझ्या हातात सगळा जग आसा." ती म्हणाली, "जग धरतंय मास्तरानू, पण माझे बांगडे कोण इकतलो?" तरी अर्धा तास ती हलली नाही. अशी त्यांची मोहिनी. परवा माझ्या नातीनं फोनवर एक माहितीपट दाखवला. टीव्हीवरून विज्ञान शिकवणारे कोणी लोकप्रिय गृहस्थ होते, त्यांच्यावरचा. ते हात हलवत बोलू लागले तशी माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे काका टीव्हीशिवायच हे करायचे." आणि मग आठवलं की आमच्या काकांवरही एक माहितीपट निघणार होता.

त्यांचा सगळ्यात मोठा नाद म्हणजे माजघरातली पश्चिमेची भिंत. समोरच्या खिडकीच्या फळीला त्यांनी बोटाएवढं भोक पाडलं होतं. सकाळी ठीक आठ वाजता त्यातून येणारा उन्हाचा कवडसा भिंतीवर जिथे पडेल, तिथे ते कोळशाचा एक ठिपका ठेवीत. कवडसा रोज थोडा सरके, आणि वर्षभराच्या ठिपक्यांचा मिळून एक लांबुडका, तिरका आठचा आकडा होई. अडचण पावसाची. चार महिने सूर्यच दिसायचा नाही. मग एखाद्या आषाढात आठाच्या सुमारास नेमकी उघडीप मिळाली की काका एका ठिपक्यासाठी जेवणावरून उठावं तसे धावत. असा एकेक ठिपका टिपून तो आठ पुरा करायला त्यांना नऊ वर्षं लागली. चतुर्थीला सगळ्या घराला चुना लागायचा, ती भिंत सोडून. हे सगळं त्यांनी मला निदान तीनदा समजावलं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. डोक्यावर अबोलीचा वळेसर आणि डोक्यात त्याहून जड काही नाही. ते बोलत असताना मी "व्हय, व्हय" म्हणत मान हलवायची आणि मुंबईला नोकरीवर असलेल्या नवऱ्याचं पत्र कधी येणार याचा हिशेब करायची.

साठ सालाच्या आसपास मुंबईहून पत्र आलं. सरकारी चित्रपटवाल्यांपैकी एका साहेबांनी बाजारातलं फणसाचं व्याख्यान ऐकलं होतं. त्यांना काकांवर दहा मिनिटांची फिल्म काढायची होती, आणि तिचा शेवट भिंतीवरच्या त्या आठानं करायचा होता. पत्र मोठ्यानं वाचलं गेलं. मी त्यातलं "फिल्म" एवढंच ऐकलं. पाहुण्यांना आणायला काका आदल्या दिवशी कसालला गेले, सासूबाई माहेरच्या लग्नाला, आणि घरात मी राज्याची राणी. मुंबईचे पाहुणे येणार, आणि माजघरात ही काळ्या ठिपक्यांची पिवळी भिंत! शिवाय माझी नवी हिरवी साडी तिच्यापुढे उठून दिसली नसती. शिंपल्यांचा चुना भिजवला, त्यात चिमूटभर नीळ घातली, काथ्याचा कुंचला घेतला आणि दोन हात दिले. दुसरा हात देताना गाणं म्हणत होते, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी जीप आली. काका साहेबांना हाताला धरूनच आत घेऊन आले आणि थांबले. भिंतीकडे बघितलं. मग माझ्या कोपराला लागलेल्या चुन्याकडे बघितलं. साहेब म्हणाले, "मास्तर, तो आठ कुठे आहे?"

"भिंतीला चुना द्यायला मीच सांगितलं," काका म्हणाले.

एवढंच. पुढे वाफ नाही, ढग नाही. साहेबांनी माजघरातच फणस आणि मिरी थोडी टिपून घेतली आणि ते निघून गेले. वर्षभरानं कुडाळला तंबूतल्या सिनेमात मुख्य चित्राआधी काका दिसले, एक शिंक द्यावी एवढा वेळ. त्यांच्यामागे पांढरीशुभ्र भिंत, आणि तिच्यापुढे चहाचा ट्रे घेऊन दात काढून हसणारी मी. "मास्तरानू, ती तुमची सून मा?" मागून कोणीतरी ओरडलं. शेजारी बसलेले काका नुसतं "व्हय" म्हणाले.

पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्यांनी नव्या भिंतीवर पहिला ठिपका ठेवला. मला रागानं एक शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर मी "च्या हाडू?" विचारलं की उत्तर यायचं, "हाड." बाजारात तसेच ऐसपैस बोलत. माझ्यापाशी मात्र एक शब्द. घरातली माणसं खुशीत होती, सुनेनं मास्तरांना वळण लावलं म्हणून. आणि मला "काकानू, चुकलंय" एवढं म्हणायला सहा वर्षं पुरली नाहीत.

सातव्या वर्षी दम्यानं त्यांना अंथरुणाला खिळवलं. श्रावणातली एक सकाळ. अचानक ऊन पडलं, आठ वाजले, आणि त्यांना उठवेना. मी चहा खाली ठेवला, कोळसा घेतला आणि कवडसा होता तिथे ठिपका ठेवला. त्यांच्याकडे न बघता विचारलं, "काकानू, सूर्य रोज आठाकच येता, मगे तो जागो कित्याक बदलता?"

मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बस हंय," ते म्हणाले, "ह्या सांगूक येळ लागतलो."

तीन सकाळी सांगत होते, दम लागला की थांबून. सांगणं पृथ्वीच्या कलण्यापर्यंत आलं होतं, आणि चौथ्या सकाळी सांगणारे नव्हते.

नातीच्या फोनवरच्या त्या गृहस्थांनी तीच आठाची गोष्ट दोन मिनिटांत सांगितली. छान समजली. नात म्हणाली, "आज्ये, रडतंस कित्याक?"

तिला काय सांगू? मला ती दोन मिनिटांत समजायला नको होती.