होडीची मोटर आणि आमचं हायड्रॉलिक

आमचे हे फौजेतून निवृत्त होऊन ऊस करायला लागले, तेव्हापासून प्रत्येक यंत्र त्यांना ट्रॅक्टरचंच भावंड वाटतं. महापुरानंतर आम्ही साताऱ्याजवळून जुनी मोटरबोट घेतली, तेव्हाही तेच.

विकणाऱ्यानं बजावलं होतं, "होडी ट्रेलरवर नेताना मोटर वर उचला आणि खाली हा दांडा लावा. नुसत्या ट्रिमवर भार टाकू नका." ट्रिम म्हणजे बटण दाबलं की मोटर वर-खाली करणारं हायड्रॉलिक. ह्यांनी मान डोलावली आणि दांडा सरळ जीपच्या सीटखाली सरकवला.

"आगं, नांगर न्हाई का हायड्रॉलिकवर उचलून रानोरान जात? दांडा कशाला?"

"नांगर आपटला तर ढेकूळ फुटतं. ही आपटली तर ट्रिम फुटंल," मी म्हटलं. पण घरात माझं ऐकतंय कोण! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सासूबाई मागच्या सीटवर वळून होडीकडंच बघत बसल्या होत्या. महापुरात त्यांना न्यायला निघालेली होडी वाटेतच बंद पडली आणि अख्खी रात्र त्यांनी घराच्या पत्र्यावर काढली. तेव्हापासून त्या नदीकडं फिरकल्या नव्हत्या. ही होडी आम्ही त्यांच्यासाठीच घेतली होती.

मलकापूरजवळ खड्डा आला. मोटर दाणकन उसळली.

"थांबीव रं!" सासूबाई कडाडल्या. "ती होडी बी वाटंतच बंद पडली हुती. हिचंबी तसंच करतोस व्हय?"

हे जीप थांबवून खाली उतरले. तेल कुठं गळत नव्हतं, नशीब. मोटरचं खालचं टोक आणि ट्रेलर यांच्यामध्ये त्यांनी दांडा बसवला, पट्टा मी आवळला. राग होताच, त्यामुळं चांगलाच आवळला. पुढं सांगलीपर्यंत मोटर तसूभर हलली नाही.

"फौजेत बी आमी आसंच बांधायचो," हे म्हणाले. मला हसू आवरेना.

नदीच्या घाटावर नारळ फोडला, दांडा काढला, होडी पाण्यात सोडली आणि बटण दाबलं. मोटर अलगद पाण्यात उतरली आणि चावी फिरवताच सुरू झाली. ह्यांनी हात पुढं केला, तो मला चढवायला. मधेच सासूबाईंनी पदर खोचला.

"सरक. आदी मला बसू दे."

ह्यांनी तोच हात त्यांना दिला, मागून मी चढले. होडी निघाली तेव्हा त्यांनी माझं मनगट दुखेस्तोवर धरलं होतं, पण नजर नदीवरच होती.