स्कायचे उलटे दगड

माझा नवरा मर्डो गेडिस एडिनबरात भूगर्भशास्त्र शिकवायचा. माणूस लाख मोलाचा, पण हट्टी असा की विचारू नका! खंड जागचे हलत नाहीत, हे त्याचं ब्रह्मवाक्य. आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्ये एकाच जातीच्या प्राण्याची हाडं सापडली की म्हणायचा, "मध्ये जमिनीचा पूल होता, तो बुडाला." मी त्याच विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे. विरुद्ध पुरावा मिळाला की शास्त्रज्ञ आपला सिद्धांत टाकून देतो, असं मुलांना ठासून सांगायचे आणि घरी येऊन या बाबाला ओटकेक वाढायचे!

१९६७च्या वसंतात त्याच्या विद्यार्थिनीचा, इशबेलचा, प्रबंध अडला. लाव्हा थंड होताना पृथ्वीच्या चुंबकाची दिशा त्यात गोठून राहते. इशबेलने स्काय बेटावरून आणलेले दगड उत्तरेऐवजी दक्षिण दाखवत होते. असे दगड 'बिघडलेले' म्हणून खोक्यात टाकायचे, ही मर्डोच्या प्रयोगशाळेची रीतच होती. इशबेल टाकेना.

"दगड टाक, नाहीतर पदवी विसर," मर्डोने बजावलं.

"सर, दगड कशाला खोटं बोलतील?"

"मग काय, पृथ्वीच्या चुंबकाने कोलांटी मारली?"

"हो सर, मारली!"

गुरुवारी तोंडी परीक्षा. नापास झाली तर बाप तिला मासळीच्या दुकानात बसवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बुधवारी चहाच्या वेळी मर्डो एका जहाजाने काढलेला आलेख घेऊन आला. मध्ये समुद्रातली डोंगररांग, दोन्ही बाजूंना तळावरचे सुलटे-उलटे चुंबकीय पट्टे. "बघ, काय थट्टा लावलीय!" म्हणत त्याने कागद डोंगररांगेवर दुमडला आणि खिडकीच्या काचेला लावला. पट्ट्यावर पट्टा तंतोतंत बसला.

त्याने कागद उलगडला, पुन्हा दुमडला, पुन्हा तेच. मग नाचायलाच लागला!

"आयल्सा, तळ मधोमध फाटतोय गं! नवा लाव्हा थंड होत दोन्हीकडे सरकतोय, चुंबक उलटला की पट्टाही उलटा! खंड चाललेत! आणि पोरीचे दगड खरे, मी गाढव!"

"अरे, चहा सांडतोयस!"

"सांडू दे!"

मीही नाचले, खोटं कशाला बोलू? पुरावा वर्षानुवर्षं खोक्यात पडून होता, पण तो पुरावा आहे हेच कुणाला दिसत नव्हतं. माझ्या व्याख्यानांत या गोष्टीला जागाच नव्हती. आता सगळी नव्याने लिहायची, या विचाराने मला कोण आनंद झाला!

गुरुवारी मला राहवेना, मी परीक्षेला मागच्या बाकावर जाऊन बसले. मर्डोने आपली टिपणं उघडली आणि मिटली. सगळे प्रश्न खंड स्थिर आहेत असं धरून काढलेले. एकही कामाचा नव्हता.

"इशबेल, माझं चुकलं," तो म्हणाला. "पण तुझी परीक्षा घेऊ कशी? विचारायचं काय, तेच मला कळेनासं झालंय. तूच सांग, पोरी."

इशबेल आधी बावरली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "सर, समुद्राचा तळ किती जुना आहे, हे विचारा."

मर्डोने टेबलावर थाप मारली. "आयुष्यभर शिकवतोय मी, तळ पृथ्वीइतकाच जुना असं धरून, हे एकदाही मनात आलं नाही! सांग, सांग लवकर!"