खाडीवरचे खेकडे आणि आमचे हे

अकोल्याच्या कॉलेजात मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. एक मोठी नांगी हातासारखी हलवणाऱ्या खेकड्यांवर तर मी तासभर बोलायचे. पण पाहिले होते ते फक्त बरणीतले, फॉर्मॅलिनमध्ये रंग उडून सगळे सारखेच झालेले. निवृत्त झाल्यावर ठरवलं, कोकणात जाऊन जिवंत पाहायचे आणि त्यांच्या जाती ओळखायच्या.

"खेकडे पाहाले इतक्या दूर? काहून, आपल्या दर्यापूरच्या नाल्यातले मेले काय?" हे म्हणाले. पण बॅग माझ्याआधी त्यांचीच भरून तयार!

ओहोटीच्या वेळी खाडीवर पोचलो. चिखलभर इवले इवले खेकडे, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी. मी दुर्बीण काढतेय तोवर हे ओरडले, "अवं, इकडं पाय!" झालं. सगळे बिळात.

"आता हलायचं नाही, बोलायचं नाही," मी बजावलं.

वावराच्या या धुऱ्यावरून त्या बांधावरच्या माणसाशी गप्पा हाणणारा हा गडी तोंड दाबून बसला. मला त्यांची दयाच आली.

हळूहळू एक खेकडा वर आला. नांगी नारिंगी. मी खात्रीने जात सांगून टाकली. शेजारी दुसरा आला, त्याचीही नांगी नारिंगी. पण पहिला ती नुसती वर-खाली करत होता, हा बाजूने गोल फिरवत होता. दुर्बिणीतून नीट पाहिलं. पहिल्याचे डोळे अगदी जवळ, याच्या डोळ्यांत चांगलं अंतर. म्हणजे जाती दोन! रंगावर भाळून मी दोघांना एकच समजले होते.

"हा तं मले बलावून रायला," हे कुजबुजले.

"तुम्हाला नाही, मादीला."

"तिले कसं समजते, हा आपल्या जातीचा हाय म्हणून?"

"हात हलवण्यावरून."

"पुस्तक न वाचता?"

मला हसू फुटलं आणि खेकडे पुन्हा गडप. या वेळी हे माझ्यावर डोळे वटारून बसले.

परतल्यावर दर्यापूरला सासूबाईंना फोटो दाखवले. दोन जाती कशा ओळखल्या ते रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, मंग रस्सा कोनत्याचा चांगला झाला?"

खाल्ले नाहीत म्हटल्यावर सासूबाई यांच्याकडे वळल्या. "तुले तरी समजाले पायजे होतं!"