हिंमतराव आणि मोकळी तार

पडदा वर जातो तेव्हा समोर नुसतं धुकं असतं. जानेवारीतलं, गुडगावचं. मग हळूहळू एकेक गोष्ट उजेडात येते. रस्त्याच्या एका अंगाला मोहरीचं शेत, दुसऱ्या अंगाला निळ्या काचेची चारमजली इमारत, आणि दोहोंच्या मधून निवांत चाललेल्या म्हशी. काच इतकी नवी, इतकी लखलखीत, की एखादी म्हैस थांबून स्वतःला न्याहाळून घेते. तेवढ्यात हरियाणा रोडवेजची बस खडखडत येते आणि तिच्यातून एक उंच, ताठ, पिकल्या मिशांचा माणूस उतरतो. डोक्याला लोकरीचा मफलर, एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात गवंड्याची पाणसळ.

हे हिंमतराव. मूळचे साताऱ्याकडचे. सैन्यात सिग्नलमध्ये लाइनमन होते. डोंगरदऱ्यांतून टेलिफोनच्या तारा ओढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर गावी न परतता ते दिल्लीत पालमला खोली घेऊन राहिले आणि त्यांच्यासारखे बरेच जण करतात तेच त्यांनी केलं: गुडगावात नव्याने उठलेल्या एका काचेच्या इमारतीच्या फाटकावर वॉचमन झाले. मोटार आली की सलाम, मोटार गेली की सलाम. पगार बरा होता. पण ज्या हाताने सीमेवरचे फोन जोडले, त्या हाताने नुसता बांबू वर-खाली करायचा, हे त्यांच्या मनाला लागे. ते कुणाला बोलत नसत. बायको सखुबाईला तेवढं न सांगता कळत असे.

फाटकावरून आत त्यांना आणलं शालिनीताईंनी. शालिनी देवधर, करोल बागेत तीन पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली मुलगी, या कंपनीतले सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात. कंपनीचं काम असं, की अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांविषयी जे बोलून ठेवत ते तारेवरून इथे यायचं आणि हॉलमधल्या मुली कानाला हेडफोन लावून ते टाइप करून परत पाठवायच्या. एकदा एक वायर उंदराने कुरतडली तेव्हा फाटकावरच्या या म्हाताऱ्याने खिशातला चाकू काढून ती इतकी सफाईने जोडली, की ताईंनी दुसऱ्याच दिवशी खुराना साहेबांकडे त्यांना मागून घेतलं. तेव्हापासून हिंमतराव वायरिंग बघत. फाटकावर त्यांच्या जागी हणमंत नावाचा दुसरा निवृत्त जवान आला.

आज रविवार, त्यातून संक्रांत. दिल्ली छावणीतल्या मराठी बायकांची बस पहाटेच पानिपतला, लढाईच्या स्मारकावर, काला अंबला निघाली होती. सखुबाई तिच्यात होत्या. हिंमतरावांनीही जायचं ठरवलं होतं, पण आज नवा स्विच बसवायचा होता.

फाटकावर हणमंताने मुद्दाम टाच आपटून सलाम ठोकला.

"जय हिंद, साहेब. सुट्टीच्या दिवशी पण ड्यूटी?"

"तोंड सांभाळ, नाहीतर चहा मिळणार नाही," म्हणत हिंमतराव आत गेले. चालीतला तोरा मात्र वरवरचा होता. कारण शुक्रवारी खुराना साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातली एक कंपनी वायरिंगचं हे सगळं काम अंगावर घ्यायला तयार आहे. तुम्ही म्हणता आम्हीच करू, तर करा. पण सोमवारी सकाळी मुली येऊन बसतील तेव्हा सगळं चालू पाहिजे. नाही झालं तर काम त्यांच्याकडे जाईल, आणि तुमचा तो चौकीदार जाईल परत आपल्या जागेवर. दार उघडं होतं. हिंमतरावांनी बाहेर उभ्या उभ्या सारं ऐकलं होतं.

सर्व्हर रूम म्हणजे जिन्याखालची खोली. एक लोखंडी उभा सांगाडा, त्याला रॅक म्हणायचं, आणि एक थंडगार वारा सोडणारं यंत्र. ताई आधीच आल्या होत्या, शाल पांघरून. नवा स्विच खोक्यातून काढून टेबलावर ठेवला होता: काळा, चपटा, लांबट, आणि तोंडाला एका ओळीत भोकं. हॉलमधल्या एकेका कॉम्प्युटरची वायर एकेका भोकात येणार, आणि कुणाचा निरोप कुणाला द्यायचा हे हा डबा ठरवणार. सैन्यातलं टेलिफोन एक्स्चेंजच की, असं ताईंनी पहिल्यांदा समजावलं तेव्हा हिंमतरावांनी मान डोलावली होती. फक्त इथे पिना खुपसायला माणूस नाही, एवढाच फरक.

बसवायचं काम तर देखणं झालं. हिंमतरावांनी आधी रॅकला पाणसळ लावली. ताई हसल्या, म्हणाल्या, ये क्या, भिंत बांधायची आहे का? पण रॅक खरंच एका बाजूला कलला होता. पायाखाली पत्र्याची पट्टी सरकवून त्यांनी तो सरळ केला. मग खांबांच्या चौकोनी भोकांत स्क्रूंसाठी पत्र्याच्या पिंजऱ्यातले छोटे नट बसवले, ताईंनी स्विच खालून दोन्ही हातांनी तोलून धरला, आणि त्यांनी आधी खालचे स्क्रू, मग वरचे, असे आवळले. अर्थिंगची हिरवी वायर जोडली. बटण दाबलं. पंखा घुरघुरला, दिवे लागले. हिंमतरावांनी मनातल्या मनात ज्योतिबाचं नाव घेतलं.

पुढचं काम ताईंचं. निळ्या चपट्या वायरीने स्विच आपल्या कॉम्प्युटरला जोडून त्या बराच वेळ टाइप करत बसल्या. त्याला नाव दिलं, पासवर्ड दिला. त्या कामाच्या वेळी मोठ्याने बोलत, समोरच्याला कळो न कळो. मुलींची मशीन्स सुरू झाल्यावर नेटवर्क मिळायला फार वेळ लागतो, कारण असा स्विच प्रत्येक वायर आधी तपासतो. मुली कंटाळतात, मग माझ्याकडे येतात. चलो, ही तपासणी बंदच करून टाकते. केली बंद. मग एक पिवळी वायर स्विचमध्ये खोचून, दुसरं टोक आपल्या मशीनला लावून बघितलं. सगळं ठीक. मशीनकडचं टोक काढलं, वायर तशीच रॅकच्या मागे सोडून दिली, आणि वर जाऊन आईला फोन करून येते म्हणाल्या.

आता रंगमंचावर एकटे हिंमतराव. हॉलमधून आलेल्या साऱ्या वायरी त्यांनी एकेक करून स्विचमध्ये घातल्या, विंचरल्या, वेणीसारख्या बांधल्या. आणि मग त्यांना रॅकच्या मागे लोंबकळणारं एक पिवळं टोक दिसलं.

सिग्नलच्या ट्रेनिंगमध्ये त्यांचा एक उस्ताद होता. कुठे तारेचं एखादं टोक नुसतं लोंबताना दिसलं की तो अख्ख्या तुकडीला मैदानाला फेऱ्या मारायला लावी आणि ओरडे, "खुली तार, दुश्मन का यार!" मोकळं टोक म्हणजे शत्रूला आमंत्रण. ते कशाला तरी जोडलं गेलंच पाहिजे. हे हिंमतरावांच्या हाडात इतकं मुरलं होतं, की घरी सखुबाईंच्या पदराचा सुटलेला दोरासुद्धा त्यांना बघवत नसे. त्यांनी ते पिवळं टोक उचललं, स्विचमध्ये एक भोक रिकामं होतं, त्यात बसवलं. टक्. सदऱ्याची सुटलेली गुंडी लावावी तसं. त्यांच्या लक्षातही राहिलं नाही.

ताई खाली आल्या आणि दारातच थबकल्या. स्विचचे सगळे दिवे एकदम, एका दमात, वेड लागल्यासारखे उघडझाप करत होते.

हॉलमधली मशीन्स लावून बघितली. एकही एकमेकांशी बोलेना. स्विच बंद केला, चालू केला. क्षणभर शांत, पुन्हा तेच वेड. ज्या दुकानातून आणला त्याच्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, माल खराब असेल तर बदलून देऊ, पण पंधरवडा लागेल. ताईंचा चेहरा पांढरा पडला. हिंमतराव भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे फाटकावरचा बांबू येऊ लागला.

आणि नेमके त्याच वेळी खुराना साहेब आले. कुठल्याशा लग्नाला निघाले होते, सोबत बायको, अंगात रेशमी बंदगळा. त्यांनी दिव्यांकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते इतकंच म्हणाले, की संध्याकाळी परतताना पुन्हा येतो, तेव्हा बघू. नाहीतर नेहरू प्लेसवाल्यांना सकाळी आठला बोलावून घेतो. जाताना हिंमतरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कोई बात नहीं, हिम्मत सिंह. गेट का काम भी इज्जत का काम है."

हिंमतरावांनी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या. त्यातली एकही या दिलाशाइतकी झोंबली नव्हती.

ताईंनी शाल काढून खुर्चीवर टाकली. त्या म्हणाल्या, आता एकच उपाय. एकेक वायर काढत जाऊ. त्यांचा कॉम्प्युटर हॉलमधल्या एका मशीनला सारखा हाका मारत होता आणि पडद्यावर एक ओळ पुन्हापुन्हा उमटत होती: उत्तर नाही, उत्तर नाही. ज्या वायरीने हा घोळ घातला असेल ती निघाली की उत्तर येऊ लागेल. त्या स्विचमधली एक वायर उपटत, मान वळवून पडद्याकडे बघत, "नाही" म्हणत आणि पुढच्या वायरीला हात घालत. काढलेली वायर तशीच लोंबत सोडत.

लोंबत! त्यांच्या मागे उभे असलेले हिंमतराव काय करणार? ताईंनी एक टोक सोडलं की ते अलगद उचलून पुन्हा जागच्या जागी खोचत. ताई पुढे, ते मागे. ताईंची पाठ होती, त्यांना पत्ताच नव्हता. एखाद्या फार्सात नोकर मालकिणीमागून सांडलेलं आवरत जातो तसा हा प्रवेश पुष्कळ वेळ चालला.

आणि मग पिवळी वायर निघाली. दिवे एकदम निवले. पडद्यावर उत्तरं धावू लागली. ताईंनी "आलं!" म्हणेपर्यंत मागून टक् झालं, आणि दिवे पुन्हा पिसाळले.

ताई सावकाश वळल्या.

"हिंमतराव, आत्ता तुम्ही काय केलंत?"

"काही नाही ताई. टोक मोकळं होतं, ते लावलं."

"काढा बरं ते."

त्यांनी काढलं. शांत. लावा, ताई म्हणाल्या. लावलं. वेड. पुन्हा काढलं. मग ताईंनी ती पिवळी वायर हाताने चाचपत चाचपत दुसऱ्या टोकापर्यंत नेली, तर तेही त्याच स्विचमध्ये. एका दाराने बाहेर पडलेला निरोप दुसऱ्या दाराने आत येत होता, पुन्हा बाहेर पडत होता, दर फेरीला नवी पिलावळ घेऊन. त्या गर्दीत बाकी कुणाला वाट मिळेना.

हिंमतराव सावधान उभे राहिले. मुठी मांडीला चिकटवून.

"हे सकाळी मीच लावलं, ताई. साहेबांना तसं सांगा. तुमच्यावर येऊ देऊ नका."

ताई कपाळावर हात मारून मटकन खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या.

"अहो काका, असा उलटसुलट प्रकार कुणी केला तर तो पकडायला याच्यात एक चौकीदार असतो. ती तपासणी, सकाळी मी बंद केली ना, तीच. तुम्ही चोराला आत सोडलंत, पण चौकीदाराला सुट्टी मी दिली. आणि ती वायर तरी तिथे लोंबत कुणी ठेवली होती?"

हिंमतरावांनी थोडा विचार केला. "तुम्हीच, ताई," ते म्हणाले, आणि दोघंही पुन्हा हसली.

ताईंनी तपासणी पुन्हा चालू केली. मशीन्सना थोडा वेळ लागला तर लागू दे, मुली तेवढ्यात केस नीट करतील, म्हणाल्या. मग त्यांनी हिंमतरावांना हुकूम केला, ते पिवळं टोक परत लावा. हुकूम तो हुकूम. टक्. स्विच जरा थबकला, विचारात पडल्यासारखा; मग त्या एका भोकावरचा दिवा नारिंगी झाला, बाकीचे सगळे हिरवे, शांत. चोर दाराशीच अडला होता. हिंमतरावांच्या छातीतून इतका लांब श्वास सुटला की ताईंनी मागे वळून पाहिलं. मग दोघांनी हॉलभर फिरून प्रत्येक मशीन लावलं. प्रत्येक बोललं.

खुराना साहेब अंधार पडायच्या आत परतले. ताईंनी त्यांना काहीही न लपवता सांगितलं: अर्धं माझं, अर्धं यांचं. साहेबांना त्यातलं काही कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी पडद्यावरची उत्तरं पाहिली, नेहरू प्लेसला फोन करून उद्या येऊ नका म्हणून सांगितलं आणि लग्नातल्या मिठाईचा डबा टेबलावर ठेवून गेले. जाता जाता हिंमतरावांना म्हणाले, की बाहेरच्या वऱ्हांड्यातली ट्यूबसुद्धा फडफडते, उद्या जरा बघून घ्या. उद्या! हिंमतरावांना तो शब्द मिठाईपेक्षा गोड लागला.

पालमच्या खोलीत दिवा होता. सखुबाई नुकत्याच पानिपतहून आल्या होत्या, शेगडीपाशी पाय शेकत बसल्या होत्या. काला अंबला किती लोक आले होते, कुणी काय म्हटलं, सारं सांगण्याआधी त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. बसमध्ये सगळ्याजणींना मी सांगून बसलेय, म्हणाल्या, की आमचे हे आता फाटकावर नसतात, आत असतात, कॉम्प्युटरच्या खोलीत. तर मग झालं का ते काम, की मला उद्या तोंड लपवावं लागणार?

हिंमतरावांनी मफलर सोडला, नीट घडी करून खुंटीला लावला आणि पाटावर बसले.

"झालं. चूक अर्धी माझी निघाली, अर्धी ताईंची. वाढ आता, लई भूक लागलीय."